कंबर ४६, मांडी २९: न काचणारी, परवडणारी सायकलिंग शॉर्ट सुचवा

नमस्कार मंडळी,

गेले सात महिने नियमित सायकल चालवतो आहे. वजन ११८ किलो, उंची ५ फूट ९ इंच. कंबर बेंबीपाशी ४६ इंच, नितंबाचा घेर ४९, मांडी वरच्या बाजूला २९. रोज २० किलोमीटर होतात, सुट्टीच्या दिवशी ४०. आता ७०-८० ची एखादी फेरी करावी असं फार मनात आहे. पायात दम आहे, श्वास पुरतो. अडतं ते बसण्यापाशी.

आतापर्यंत दोन शॉर्ट्स घेतल्या. पहिली लेबलप्रमाणे ३एक्सएल. उभं राहिलो की अगदी बरोबर बसते, पण हँडलवर वाकलं की कमरेचं इलॅस्टिक पोटाखाली गुंडाळून दोरी होते. घरी येऊन काढली की कमरेभोवती लाल वळ. दुसरीत बसण्याच्या जागी आतून शिवलेलं पॅड चांगलं जाडजूड आहे, म्हणून हौसेने घेतली. पहिला अर्धा तास गादीवर बसल्यासारखं वाटतं, तासाभराने पॅड असून नसल्यासारखं. शिवाय मांडीच्या टोकाची पट्टी वर वर सरकत जाते आणि मग मांडीला मांडी घासून सालटी निघतात. मागच्या आठवड्यात तीन दिवस सायकलला हात लावता आला नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

माझे प्रश्न असे: कमरेची घ्यावी की खांद्यावर पट्टे असलेली बिब? पॅड किती जाड हवं? घट्ट कपड्यात संकोच वाटतो, त्याला काही उपाय? आणि खिशाला झेपेल असं काही.

एक विनंती. 'आधी वजन कमी करा, मग माप मिळेल' हे एका दुकानात ऐकून झालं आहे. सायकल चालवायची म्हणूनच कपडे हवे आहेत.

प्रतिसाद १

संकोचाचं उत्तर सोपं आहे. पॅड लावलेली आतली शॉर्ट, म्हणजे लायनर, वेगळी मिळते. ती आत घाला आणि वरून नेहमीची सैल हाफ पँट. लायनरचं कापड बहुतेक वेळा जाळीदार आणि पातळ असतं, त्यामुळे पूर्ण सायकलिंग शॉर्टपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. मी दोन वर्षं तेच वापरतो आहे. वरच्या पँटची जाड शिवण नेमकी सीटवर येणार नाही एवढं बघा.

आणि पॅडच्या आत अंडरवेअर घालत नसाल असं धरून चालतो. घालत असाल तर आधी तेच थांबवा, निम्मं घासणं तिथेच संपेल.

प्रतिसाद २

जरा सविस्तर लिहितो, कारण मीही याच वाटेने गेलो आहे. सुरुवात केली तेव्हा १३२ किलो होतो. चार शॉर्ट्स वाया घालवल्यावर जे कळलं ते तुम्हाला पाचवीआधी कळावं असं मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट, मापं तुम्ही उभ्याने घेतली आहेत ना? खुर्चीच्या कडेवर बसा, हँडल धरल्यासारखे पुढे वाका आणि मग टेप लावा. माझी मांडी उभ्याने ३० आणि बसल्यावर साडेएकतीस भरली होती, नितंबाचा घेर दोन इंचांनी वाढला होता. आपल्यासारख्यांच्या शरीरात बसल्यावर होणारा हा फरक मोठा असतो आणि शॉर्टचा सगळा त्रास त्या फरकात आहे. तक्त्यात कंबर एका मापात आणि नितंब दुसऱ्या मापात येत असेल तर नितंबाच्या मापाने घ्या. लेबलवरच्या एक्सएलांवर अजिबात विश्वास ठेवू नका. शर्यतीच्या बेताने शिवणाऱ्या कंपन्यांचं ३एक्सएल दुसरीकडच्या एक्सएलएवढं असू शकतं. इंच किंवा सेंटिमीटर दिलेला तक्ता नसेल तर ती शॉर्ट सोडून द्या.

दुसरी गोष्ट पॅड. तुमचं जाड पॅड तासाभरात दबलं, त्यात जाडी कमी पडली नाही, घनता कमी पडली. फोम हलका असला की जास्त वजनाखाली पूर्ण दबतो आणि हाडं थेट सीटवर टेकतात. वजनदार माणसाला घट्ट फोम लागतो, भले तो पातळ असेल. चांगले पॅडवाले घनता किलो प्रति घनमीटरमध्ये सांगतात. मी बैठकीच्या हाडांखाली १०० च्या वरचा आकडा शोधतो, १२० असेल तर उत्तम. आकडा दिलेला नसेल तर हाताने बघा: पॅडचा मागचा फुगीर भाग अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबा. पलीकडचं बोट लगेच हाडासारखं टोचायला लागलं तर तो फोम आपल्या कामाचा नाही. दाबताना फोमने अंगठ्याला उलट ढकललं पाहिजे.

जाड आणि मऊ पॅडचा आणखी एक तोटा आहे. ते दोन मांड्यांच्या मध्ये गोळा होतं, आणि जाड मांड्या तिथे आधीच एकमेकींना लागलेल्या असतात.

तिसरं, मांडीची पट्टी. दोरीसारखं अरुंद इलॅस्टिक आपल्या मांडीत रुततं आणि मग वर चढतं. पट्टी रुंद हवी, दीड-दोन इंच तरी. आतून सिलिकॉनचे ठिपके असले तर ती सरकत नाही, पण त्वचा नाजूक असेल तर त्याच ठिपक्यांनी खाज येते, तेव्हा आधी घरात तासभर घालून बघा. पायाची लांबीही महत्त्वाची आहे. गुडघ्याच्या जरा वर संपणारी लांब शॉर्ट घ्या. मांडी जिथे मांडीला लागते तिथपर्यंत कापड हवंच, सालटी निघण्याचा प्रश्न तेवढ्यानेच सुटेल असं मला वाटतं.

घालून बघताना ट्रायल रूममध्ये ताठ उभं राहून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. हँडल धरल्यासारखं वाका, एक पाय वर घ्या. पॅड अंगाला चिकटून राहतं की मधे पोकळी येते ते बघा. पोकळी आली तर शॉर्ट मोठी आहे, ती हलणार आणि घासणार. उलट लहान झाली तर बसण्याच्या जागेचं कापड ताणून विरळ होतं. शॉर्टच्या आत मूठ घालून मागचं कापड उजेडासमोर ताणा. बोटांची पेरं मोजता आली तर मागून सगळं दिसणार, आणि ती शिवणही लवकर उसवणार.

प्रतिसाद ३

वरचा प्रतिसाद अगदी पटला. बायकांच्या बाजूने थोडी भर घालते, माझंही वजन ९५ च्या पुढे आहे.

बिबमध्ये कमरेचं इलॅस्टिकच नसतं, त्यामुळे पोटाला काही काचत नाही. पोट मोठं असणाऱ्यांना याइतका आराम दुसऱ्या कशात नाही. पण साध्या बिबमध्ये लघवीला जायचं तर वरचा टॉप, पट्टे, सगळं उतरवावं लागतं. लांबच्या फेरीत हे नको म्हणून मी पाणी कमी प्यायला लागले होते. तसं कोणीही करू नका, चक्कर येऊन रस्त्याच्या कडेला बसायची वेळ आली होती माझ्यावर. आता पट्टे न काढता मागचा भाग खाली ओढता येईल अशा रचनेची बिब मिळते, तीच घ्यावी. त्यात पैसे जास्त जाणार असतील तर रुंद, उंच कमरपट्ट्याची शॉर्ट बघा. चार-पाच इंचांचा सपाट पट्टा, आत दोरीसारखं इलॅस्टिक नाही, बेंबीच्या वर येऊन बसणारा. तो गुंडाळत नाही.

आणि पुरुषांच्या मापात मोठं मिळतं म्हणून ताई-माई ते घेतात, ते टाळा. बायकांचं पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतं, हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं म्हणून. मी पुरुषांची घालून सहा महिने काढले आणि त्रास सीटचा समजत राहिले.

मोठ्या मापातल्या कपड्यांसाठीच ओळखले जाणारे उत्पादक आहेत. ब्रिटनमधली 'फॅट लॅड ॲट द बॅक' मोठ्या अंगाच्या सायकलस्वारांसाठीच सुरू झाली, अमेरिकेतली 'एरो टेक डिझाइन्स' बरीच मोठी मापं शिवते. मागवायचं नसलं तरी त्यांचे मापांचे तक्ते बघून ठेवा. कुठल्या इंचांना काय म्हणतात याचा अंदाज येतो.

प्रतिसाद ४

बिबबद्दल थोडं वेगळं मत. धड लांब आणि पोट पुढे असेल तर बिबचे पट्टे खांद्यावर इतके ओढतात की दोन तासांनी मान आखडते. उभं राहिल्यावर थोडं ओढलं जाणं साहजिक आहे, ती वाकलेल्या अंगासाठीच शिवलेली असते. पण सायकलवर बसल्यावरही पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात नसतील तर ती बिब तुमची नाही. मी तीन बिब परत केल्या आणि शेवटी वरच्या ताईंनी सांगितलेल्या उंच पट्ट्याच्या शॉर्टवर स्थिरावलो.

पैशाबद्दल: एकदम दोन घेऊ नका. परत करता येईल अशा ठिकाणाहून एक घ्या, लेबल न काढता घरात स्टँडवर किंवा खुर्चीच्या कडेवर अर्धा तास बसा, पटली तर त्याच मापाची दुसरी. मागच्या हंगामातल्या रंगांच्या किमती उतरतात तेव्हा मोठी मापं बऱ्याचदा शिल्लक राहिलेली असतात. आपल्याला इथे तरी फायदा मिळतो. आणि पॅड कोणाचं आहे ते वाचा. इटलीतल्या 'इलॅस्टिक इंटरफेस'सारखे पॅडवाले अनेक कपडेवाल्यांना पॅड पुरवतात, त्यामुळे नाव नसलेल्या शॉर्टमध्येही कधीकधी उत्तम पॅड निघतं. खर्च करायचा तो पॅडवर. कापड साधं असलं तरी चालेल.

प्रतिसाद ५

शॉर्टच्या आधी सीट तपासा असं मी म्हणेन. सीट जरा जास्त उंच असली की दर पायडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि जगातली कुठलीही शॉर्ट घासते. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाशी न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर कलायला नको. मागून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, लगेच दिसेल.

सीटची रुंदीही वजनावरून ठरवू नका. ती ठरते बैठकीच्या दोन हाडांमधल्या अंतरावरून, आणि जाड माणसाची हाडं एकमेकांपासून लांबच असतात असं नाही. पन्हळी पुठ्ठा कडक बाकावर ठेवून त्यावर पुढे वाकून मिनिटभर बसा. दोन खळगे पडतील, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद सीट साधारण बरोबर पडते. मऊ जेलचं कव्हर लावलं असेल तर काढून टाका, पॅडसारखाच तोही फोम दबून मांड्यांमध्ये चढतो.

प्रतिसाद ६

त्वचेची काळजी कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो, कारण धाग्यात तीन दिवस सायकल बंद राहिल्याचं वाचलं.

घर्षण, घाम आणि दाब एकत्र आले की केसांच्या मुळांशी जंतू शिरतात आणि पुरळ किंवा गळू होतं. घरी आल्यावर ओल्या शॉर्टमध्ये गप्पा मारत बसू नका. आधी ती काढा, अंग धुवा, जांघ पूर्ण कोरडी करा. निघण्यापूर्वी घासणाऱ्या जागी शॅमी क्रीम लावा. पूर्वी या पॅडच्या जागी शॅमवा नावाच्या डोंगरी प्राण्याचं खरं कातडं असायचं, ते वाळून कडक होई म्हणून मऊ करायला क्रीम लावत. कातडं गेलं, नाव आणि क्रीम राहिलं. आता ती त्वचेसाठी असते. पेट्रोलियम जेलीने घासणं थांबतं, पण ती पॅडमधून नीट धुतली जात नाही. आतल्या मांडीला घासू नये म्हणून लावायच्या मलमाच्या कांड्या मिळतात, त्या स्वस्त पडतात.

शॉर्ट दर वेळी धुवा. उलटी करून, गार पाण्यात, साध्या साबणाने. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याने कापडाची घाम शोषण्याची ताकद जाते. पिळू नका, पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत वाळवा. दोन शॉर्ट्स आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही जास्त टिकतात.

सालटी भरेपर्यंत थांबलात ते बरोबर केलंत. कडक, दुखरी गाठ आली किंवा मधुमेह असेल तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री बसून मापं घेतली. मांडी साडेतीस, घेर ५१. म्हणजे सात महिने मी चुकीच्या मापाने शोधत होतो. पुठ्ठ्यावर खळगे १२ सेंटिमीटरवर पडले. सीटही वरचीच निघाली, बायकोने मागून व्हिडिओ काढला तर कंबर स्पष्ट डुलताना दिसते. ती सव्वा सेंटिमीटर खाली घेतली आणि आज जुन्याच शॉर्टमध्ये २० किलोमीटर करून आलो, फरक आहे.

आता उंच पट्ट्याची, लांब पायाची एक शॉर्ट निवडली आहे. पॅडची घनता बैठकीखाली ११० लिहिली आहे. एकच शंका: तक्त्यात घेर दोन मापांच्या मधोमध येतो आहे. वरचं घ्यावं की खालचं?

प्रतिसाद २ चे लेखक

दोन्ही मागवा, एक परत करा. तेवढं शक्य नसेल तर कापडात इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, किती टक्के आहे ते बघा. २० च्या आसपास असेल तर खालचं माप घ्या, ते अंगाप्रमाणे ताणलं जाईल आणि पॅड जागेवर राहील. १० च्या आत असेल तर वरचं. आणि ७०-८० ची पहिली फेरी झाली की इथे नक्की लिहा.