शर्यत, वारसास्थळे आणि नातलग : एकाच प्रवासात तिन्ही कशी जमवावीत?

प्रश्न

मी आणि माझी पत्नी नियमित धावतो, आणि जुन्या वास्तू पाहण्याची दोघांनाही मनापासून ओढ आहे. शर्यत निवडताना आम्ही शक्यतो असे शहर पाहतो, जिथे वारसास्थळे आहेत आणि जवळपास कोणी नातलगही राहतात, कारण रजा मोजकी असते आणि एरवी त्यांच्याकडे जाणे वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. अडचण आहे ती क्रमाची. शर्यतीआधी स्थळे पाहिली तर पाय थकतात, आणि नंतर पाहावीत तर पायऱ्या उतरवत नाहीत. नातलगांकडे आधी उतरलो तर गप्पांमध्ये झोपेची वेळ टळते, आणि नंतर गेलो तर वडीलधाऱ्यांना वाटते की आपल्या घराला शेवटचा क्रमांक दिला. यंदा आम्ही दोघेही प्रथमच पूर्ण मॅरेथॉन धावणार आहोत आणि पत्नीचा वेग माझ्यापेक्षा बराच अधिक आहे. अशा वेळी बरोबर धावावे की आपापल्या वेगाने, आणि प्रवासाची आखणी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

शर्यतीचा दिवस आपल्याला हलवता येत नाही, म्हणून बाकीचे सारे त्याच्याभोवती बसवावे. बहुतेक मोठ्या शर्यतींत बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून, आदल्या दिवसापर्यंतच घ्यावा लागतो, त्यामुळे किमान दोन दिवस आधी पोहोचणे आवश्यक ठरते. प्रवास दूरच्या देशात असेल तर घड्याळातील दर तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस शरीराला द्यावा, आणि पूर्वेकडे जाताना थोडा अधिक, कारण नेहमीपेक्षा लवकर झोपणे हे उशिरा झोपण्याहून अवघड असते.

स्थळांच्या बाबतीत पायऱ्यांचा विचार सर्वांत आधी करावा. मॅरेथॉननंतरचे स्नायूंचे दुखणे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि ते चढताना नव्हे, तर उतरताना जास्त जाणवते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू शरीराचा भार पेलत ताणले जातात, आणि शर्यतीत नेमक्या याच प्रकारच्या कामाने ते सर्वाधिक दुखावलेले असतात. म्हणून मनोरे, तटबंदी, टेकडीवरची मंदिरे ही शर्यतीच्या निदान तीन दिवस आधी किंवा तितक्याच दिवसांनी नंतर ठेवावीत. सपाट अवशेष आणि लिफ्ट असलेली संग्रहालये दुसऱ्या दिवशी खुशाल पाहावीत; सावकाश चालण्याने पाय मोकळेच होतात. आदल्या दिवशी मात्र बिब घेऊन आल्यावर कुठेही फिरू नये.

नातलगांकडे शर्यतीच्या संध्याकाळी मुक्कामाला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी पायांना बसून राहण्याचीच गरज असते आणि मन मोकळे असते, त्यामुळे गप्पांना खरा वेळ मिळतो.

प्रतिसाद २

मी थोडा वेगळा मार्ग सुचवतो. ज्या शर्यतीचा मार्ग हाच वारसा आहे, अशी शर्यत निवडावी, म्हणजे दोन गोष्टींची ओढाताणच उरत नाही. नोव्हेंबरमध्ये होणारी अथेन्सची मॅरेथॉन हे याचे सर्वोत्तम उदाहरण. धावपटूंना पहाटे बसने मॅरेथॉन या गावी नेतात आणि तिथून अथेन्सकडे धावत यायचे असते. पाचव्या किलोमीटरच्या आसपास मार्ग एका मातीच्या टेकाडाला वळसा घालतो. इसवी सनपूर्व 490 मध्ये इराणी सैन्याविरुद्ध इथे झालेल्या लढाईत पडलेल्या अथेन्सच्या योद्ध्यांची ती समाधी आहे; प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्यांची संख्या 192 दिली आहे. साधारण दहाव्या किलोमीटरपासून चढ सुरू होतो आणि एकतिसाव्यापर्यंत तो जवळजवळ सुटत नाही, म्हणून पहिल्या टप्प्यातला सपाट रस्ता पाहून वेग वाढवण्याचा मोह टाळावा. शेवट होतो तो संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये, जिथे 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकची मॅरेथॉन स्पिरिडॉन लुईसने जिंकली. ते अंतर सुमारे 40 किलोमीटर होते, आजचे 42.195 किलोमीटर प्रथम 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावले गेले आणि 1921 मध्ये प्रमाण ठरले.

एक गोष्ट जाणून धावावे, असे मला वाटते. विजयाची वार्ता घेऊन अथेन्सला धावत आलेल्या दूताची कथा लढाईनंतर कित्येक शतकांनी झालेल्या लेखकांत आढळते. हिरोडोटसने सांगितलेला दूत मदत मागण्यासाठी स्पार्टाकडे धावला होता, आणि त्या मार्गावर 1983 पासून 246 किलोमीटरची स्वतंत्र शर्यत होते. याने कथेचे मोल कमी होत नाही. उलट त्या रस्त्यावरून धावताना इतिहास कुठे संपतो आणि लोकांनी जपलेली आठवण कुठे सुरू होते, हा विचार चढावर चांगली सोबत करतो.

बर्लिनचा मार्ग सपाट आहे आणि शेवटी ब्रँडेनबर्ग दरवाजाखालून जातो. रोममध्ये सुरुवात कलोसियमजवळ होते, पण दगडी चौकोनांच्या फरसबंदीवर घोट्यांची कसोटी लागते. चीनच्या भिंतीवरील मॅरेथॉनमध्ये हजारो पायऱ्या असतात. पहिल्याच मॅरेथॉनसाठी ती निवडू नये.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी पहिल्या उत्तरातील एका गोष्टीशी मी सहमत नाही. ज्यांच्याकडे जायचे ते आत्या, मामा किंवा सासऱ्यांचे थोरले भाऊ वयाने ऐंशीच्या घरात असतील, तर पोहोचल्या दिवशीच त्यांना भेटावे. दिवसाउजेडी दोन तास त्यांच्याजवळ बसावे, शर्यत कधी आहे आणि आपण मुक्कामाला कधी येणार आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगावे, आणि मग झोपायला आपल्या खोलीवर परतावे. वडीलधाऱ्यांना वाईट वाटते ते बहुधा हॉटेलमुळे नव्हे, तर आपला बेत त्यांना तिसऱ्याकडून कळल्यामुळे.

त्यांना शर्यत पाहायला यायचे असेल तर बसायला जागा कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे. अथेन्समध्ये प्रेक्षक स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसू शकतात, पण इतर ठिकाणी अंतिम रेषेजवळ तासन्‌तास उभे राहावे लागते आणि रस्ते बंद असल्याने लवकर घरीही परतता येत नाही.

आता वेगाविषयी. पहिली मॅरेथॉन आपापल्या वेगाने धावावी. दुसऱ्याच्या वेगाने चार-साडेचार तास धावणे हे वेगवान जोडीदाराच्या पावलांनाही जड जाते, आणि मागे असलेला तर ओढ घेऊन सुरुवातीलाच दमतो. बरोबर धावण्याची फार इच्छा असेल तर वेगवान जोडीदाराने मागच्या गटातून सुरुवात करावी (मोठ्या शर्यतींत धावपटूंना वेगानुसार गटागटाने सोडतात); पुढच्या गटात जाण्याची परवानगी सहसा मिळत नाही. एकमेकांना भेटण्याची जागा मात्र आदल्या दिवशी प्रत्यक्ष उभे राहून ठरवावी. शेवटच्या भागात गर्दीमुळे फोन लागत नाहीत, आणि आडनावाच्या अक्षराचे फलक असले तरी एकाच अक्षराखाली शेकडो माणसे असतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीलाही हा धागा वाचून दाखवला. आपापल्या वेगाने धावण्यावर आमचे एकमत झाले आहे, आणि पोहोचल्या दिवशीच मामांकडे जाऊन यायचे, शर्यतीनंतर तीन दिवस त्यांच्याकडेच राहायचे, असे ठरवले आहे. टेकडीवरची वास्तू शेवटच्या दिवसासाठी ठेवत आहोत. मामांना जुन्या नाण्यांची चांगली जाण आहे, त्यामुळे शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर संग्रहालयात जायचे असे पत्नीने सुचवले, आणि त्यांना आजच फोन करून ते कळवले आहे.