ग्रासचं नोबेल परत घ्यायचं म्हणे!

तिरपागडी:
परवा नोबेलच्या गप्पांत एका महाशयांनी ठोकून दिलं, ‘तो जर्मन लेखक ग्युंटर ग्रास नाझी होता, साठ वर्षं लपवलं, नोबेल काढून घ्यायला हवं होतं.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, १९२७ चा जन्म. डान्झिगमधल्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या, किराणा दुकानदाराचा पोरगा. पंधराव्या वर्षी पाणबुडीवर जायला स्वतःहून नाव दिलं, घेतलं नाही. सतराव्या वर्षी बोलावणं आलं ते वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ फौजेच्या, रणगाडा दलाचं. एप्रिल १९४५ ला जखमी, मग अमेरिकनांच्या कैदेत. एकही गोळी झाडली नाही असं तो म्हणतो, माना न माना. नोबेल मिळालं १९९९ ला, आणि ते पुस्तकांसाठी. त्याच्याच ‘टिन ड्रम’ कादंबरीला जर्मनीतल्या ब्रेमेनच्या परीक्षकांनी बक्षीस जाहीर केलं होतं, तर तिथल्या सरकारने अश्लील म्हणून अडवलं. म्हणजे तेव्हा संस्कृतिरक्षक नडले, आता तुम्ही.

खोड्याळ_काका:
सतरा वर्षांच्या पोराला कोण दोष देतंय? दुखणं पुढचं आहे. १९८५ ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर कोल तिथल्या बिटबुर्गच्या सैनिकी दफनभूमीत गेले, तिथे एसएसवाल्यांच्याही कबरी, म्हणून हाच गृहस्थ तावातावाने बोलला. ‘मीही त्यांच्यातलाच होतो’ एवढं म्हणायला तेव्हा जीभ रेटली नाही? बोलला कधी, ऑगस्ट २००६ ला. आत्मचरित्र दुकानात येणार त्याच महिन्यात! याला आमच्याकडे कबुली नाही, जाहिरात म्हणतात.

तिरपागडी:
जाहिरात म्हणा. पण सांगितलं त्यानेच ना? कुणी पकडलं नव्हतं.

उत्तरेची_वारी:
मी उत्तर जर्मनीत, ल्युबेकपासून तासाभरावर राहते. तिथलं ग्रासच्या नावाचं घर-संग्रहालय दोनदा पाहिलंय. मागच्या अंगणात ब्राँझचा हात आहे, मुठीत मासा. चित्रं, शिल्पं, सगळं स्वतःचं, मूळचा पाथरवट ना तो. आमच्या शेजारचे आजोबाही पोरवयात युद्धावर गेलेले. अकरा वर्षांच्या शेजारात त्यांनी टोमॅटोच्या रोपांबद्दलच सांगितलं. गेल्यावर मुलीला कपाटात फोटो मिळाला, गणवेशातला. तिने तो मला दाखवला आणि परत पाकिटात घातला. इथे घरोघरी असंच आहे, त्यामुळे मला राग येत नाही, यायला हवा का ते माहीत नाही.

बोंबील_फ्राय:
तुमचं जर्मनीचं चालू द्या. कलकत्त्याला त्याने कादंबरीत देवाने टाकलेला विष्ठेचा ढीग म्हटलंय, त्याचं काय? गोरा येतो, घाण बघतो, पुस्तक लिहितो. आपण टाळ्या पिटतो.

तिरपागडी:
हे येणारच होतं. ते लिहिलं १९७७ ला. पण १९८६ ला बायकोला घेऊन तिथेच राहायला आला. हॉटेलात नाही, आधी बारुईपूरला, मग सॉल्ट लेकला. लोकलने हिंडला, चित्रं काढली.

बोंबील_फ्राय:
वर्षभरासाठी आलेला, अर्ध्यातच पळाला! मी सव्वीस वर्षं विरार लोकल करतोय, मला द्या नोबेल. आणि त्या मुक्कामावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव काय, तर जीभ दाखवणं. कालीमातेची जीभ, म्हणे लाजेची खूण. आम्हाला लाज शिकवायला आला.

खोड्याळ_काका:
बोंबीलराव, लाज तो स्वतःचीही म्हणत असेल. (मी चक्क ग्रासची बाजू घेतोय, तारीख लिहून ठेवा.)

बोंबील_फ्राय:
तुम्ही वाचलंय का मुळात? जर्मनमधून?

खोड्याळ_काका:
इंग्रजीतून. तुम्ही?

बोंबील_फ्राय:
मुद्दा तो नाही.

फडताळ:
गेली दोन वर्षं नुसता वाचतो, आज लिहितो. आजीच्या फडताळात पितळी डबा होता, कडी असलेला, पोह्यांचा. बुडाशी नाव कोरलेलं. ते आमचं नव्हे. लहानपणी विचारलं तर आजी म्हणाली, ‘बाजारातून आणला.’ आजोबा जाईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग एका लग्नात आत्या बोलून गेली, ४८ साली गांधीहत्येनंतर गावात घरं जाळली, तेव्हाचा. आजोबा भजनी मंडळाचे प्रमुख, गावात फार मान. मला काकांचं पटतं, आजोबांनी सांगायला हवं होतं. पण त्यांचं भजन खोटं होतं असं म्हणवत नाही.

खोड्याळ_काका:
४८ कशाला उकरताय? धागा ग्रासचा आहे. आमच्या आजोळचा वाडाही त्यातच गेला, मी कधी इथे आणलं का?

उत्तरेची_वारी:
काका, आत्ता आणलंत.

खोड्याळ_काका:
बरं. आणलं. ग्रासचं म्हणाल तर, ग्दान्स्कचं मानद नागरिकत्व सोड म्हणून पोलंडचा माजी अध्यक्ष लेक वालेसा अडून बसला होता. ग्रासने शहराला पत्र लिहिलं, आणि ते वाचून वालेसाने मागणी सोडली. तेवढी उदारता माझ्यात नाही. नोबेल ठेवू दे त्याला, बिटबुर्गचा शहाणपणा परत करावा.

तिरपागडी:
चला, नोबेल तरी वाचलं. फडताळ, तो डबा आहे का अजून?

फडताळ:
आहे. माझ्याकडेच.

खोड्याळ_काका:
नाव काय कोरलंय त्यावर?

फडताळ:
ते इथे नाही लिहिणार.

खोड्याळ_काका:
मग थांबू का साठ वर्षं?