मदत हवी आहे : मधुमेही वडिलांचा भाजलेला पाय आणि आत्याची एकदांडी

नमस्कार मंडळी,

वडील ७२ वर्षांचे, मधुमेह जुना, तळपाय बधिर. गेल्या आठवड्यात गरम पाण्याच्या रबरी पिशवीने पाय शेकताना घोट्यापाशी भाजलं. चटका त्यांना कळलाच नाही. सकाळी आईला मोठा फोड दिसला, दुपारपर्यंत तो फुटलाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावलं आणि एक दिवसाआड ड्रेसिंगला बोलावलंय. ताप नाही, पू नाही, जखमेतून पातळ लस मात्र झिरपते. उपचार चालू आहेत आणि चालूच राहतील. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद "डॉक्टरकडे न्या" असे यायला नकोत.

अडचण घरात आहे. आत्या राहायला आलीय आणि तिचा सगळा जोर एकदांडीवर (तुमच्याकडे दगडीपाला म्हणत असतील). बांधावरचा ताजा पाला ठेचून रस पिळायचा, बस्स. लहानपणी गुडघा फुटला की आम्हीही तेच करायचो. पण खरचटलेला गुडघा वेगळा आणि साखरेच्या पेशंटची उघडी जखम वेगळी. त्या बांधावरून दिवसभर कोंबड्या आणि गुरं फिरतात. एकदांडीने जखम भरते असं सांगणारे प्रयोग मी वाचले. त्यातले बहुतेक उंदरांवरचे, आणि वापरलेला असतो वाळवलेल्या पानांचा अर्क, मोजून मलमात मिसळलेला. पाट्यावरच्या रसाला तो हिशेब कसा लावायचा?

चुलतभावाचं म्हणणं हळद लावा, "अमेरिकेशी भांडून आपण पेटंट जिंकलंय." जखमेवर हळद वापरण्याचं ते पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं, आणि डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने) लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं, हे खरंच. पण ते रद्द झालं ते हा वापर नवा नाही म्हणून. हळदीने बाबांचा पाय बरा होईल की नाही, याचा निवाडा तिथे झालाच नव्हता.

मला त्यातल्या त्यात पटतोय तो मध. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि हेच सिल्व्हरचं मलम यांची तुलना १९९१ मध्ये छापली होती, त्यात मध सरस ठरला. कॉक्रेनच्या (उपचारांवरचे प्रयोग एकत्र तपासणारी संस्था) २०१५ च्या आढाव्यातही, फार खोल न भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरल्याचं म्हटलंय. पण मधुमेह्याच्या पायाला हे लागू पडतं का? कोणी डॉक्टरांना विचारून वापरलाय का? शिवाय कातडी धरल्यावर दारातली कोरफड चालेल का, आणि जात्यादी तेलाचं काय?

रानजाई : ताई, मी भाजलेल्यांच्या वॉर्डात परिचारिका होते. उघड्या जखमेवर पाल्याचा रस अजिबात नको. जंतूंचं तर आहेच, पण हिरवा रंग चढला की खालची जखम लाल आहे की काळी पडतेय ते दिसत नाही. सिल्व्हरच्या मलमाचाही पांढरा थर बसतो, तो प्रत्येक ड्रेसिंगला नीट धुऊन काढतात ना, तेवढं बघा. मध लावायचा तर ड्रेसिंगसाठी निर्जंतुक केलेला मिळतो तोच, आणि मलमाच्या जोडीने नाही. दोन्हीपैकी एकच काहीतरी, आणि कोणतं ते डॉक्टर ठरवतील. आत्यांना झाडपाल्याचंच काही सांगायचं असेल तर केळीच्या पानाचं सांगा. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये केळीच्या पानांची ड्रेसिंग वापरली आहेत. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे सोडताना नवी कातडी ओढली जात नाही. मात्र ती पानं निर्जंतुक करून घेतलेली असतात. आणि औषधापेक्षा महत्त्वाचं : पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? तो कमी असेल तर वरून काहीही लावा, जखम रेंगाळते.

वनौषधीवेडा : जात्यादीत जाईची पानं, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा यांच्याबरोबर मोरचूदही (तांब्याचा विषारी क्षार) असतं. त्यामुळे दुकानातून आणून आपल्या मनाने ओतायचं तेल नाही ते. जखम बघितलेल्या वैद्यांनी सांगितलं तरच, आणि तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालून. कोरफड कातडी पूर्ण धरल्यावर चालेल. पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, त्याने कातडी चुणचुणते. मग आतला गर आधी हातावर लावून बघा. काहींना कोरफडीचीही ॲलर्जी असते.

धागाकर्ती : दोघांचेही आभार. रक्तपुरवठ्याचं कोणीच बोललं नव्हतं, उद्याच्या ड्रेसिंगला विचारते, मधाबद्दलही. केळीच्या पानाचं आत्याला सांगितलं तर ती कोयता घेऊन परसात निघालीच होती, कसंबसं थांबवलं. रानजाई, रक्तपुरवठ्याची डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघतात ती) चिपळुणात होते की बाबांना रत्नागिरीला न्यावं लागेल? गाडीत पाय फार वेळ लोंबता ठेवायला नको म्हणून विचारतेय.