भाच्याला आठ दिवस बसवलं, घोड्याचा पहिला नंबर मात्र कायम. हा कुठला न्याय?

लूमवाला मामा (अशोक चौक, सोलापूर)

नमस्कार मंडळी. रेसमधलं मला काडीचं कळत नाही. आपले पॉवरलूम, टॉवेल न् चादरी. पण बहिणीचा मुलगा जॉकी आहे, अजून अ‍ॅप्रेंटिसच, म्हणून विचारायलोय. गाव आणि क्लब सांगत नाही, पोराला उद्या तिथंच रोजी कमवायचीय.

पोरगा लहानपणापासून बारका. शाळेच्या रांगेत कायम पहिला, तेव्हा आम्ही हसायचो, आता त्याच अंगावर त्याचं पोट चाललंय. गेल्या दिवाळीत आला होता. मामीनं कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही सगळं मांडलं. त्यानं चतकोर मोडली आणि बाकीची ताटाच्या कडेला सरकवली. "मामी, सोमवारी वजन आहे."

आता झालं काय, गेल्या महिन्यात हा एक रेस जिंकला. आम्ही इकडं पेढे आणायला निघालो तोवर फोन, की इन्क्वायरी लागलीय. शेवटच्या फर्लांगात ह्याचा घोडा आत सरकला आणि रेलकडेच्या (आतल्या कठड्याकडेच्या) घोड्याला दाबलं म्हणे. निकाल काय? घोड्याचा पहिला नंबर कायम. मालकाला कप, ट्रेनरला त्याचा वाटा. पोराला दंड आणि आठ रेसचे दिवस बंदी. आठ दिवस म्हटल्यावर मला वाटलं आठवडा गेला. तसं नसतं हो! तिथं आठवड्यातून दोनदाच रेस असते, म्हणजे सरळ महिना गेला. त्याच महिन्यात त्याला मोठ्या रेसच्या दिवशी चार घोडे मिळालेले, तेही गेले.

माझं म्हणणं असं. चूक एवढी मोठी होती तर घोड्याचा नंबर का काढला नाही? आणि नव्हती, तर पोराची महिन्याची भाकरी का काढली? रेसआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये "आत राहा, रेल सोडू नको" म्हणून ट्रेनरनंच बजावलं होतं, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. मोठ्या जॉकीला आठ दिवस म्हणजे सुट्टी, ह्याला आठ दिवस म्हणजे खोलीचं भाडं. आत बोलावलं तेव्हा सगळं इंग्रजीत चाललेलं. हा एवढंच म्हणाला, "सर, घोडा गेला."

मी ती क्लिप रात्रपाळीत मोबाईलवर तीस-चाळीस वेळा पाहिली. दाबलेलं कुठंच दिसत नाही. जाणकारांनी सांगा.

निवृत्त सईस (जुळे सोलापूर)

मामा, महालक्ष्मीला सव्वीस वर्षं घोडे सांभाळलेत, म्हणून लिहितो. राग आला तर येऊ द्या.

तुम्ही पाहिली ती बाजूची फिल्म. तिच्यात सगळे घोडे एकाला एक चिकटलेलेच दिसतात, चाळीस काय चारशे वेळा बघा. स्टुअर्ड लोक, म्हणजे रेसचे पंच, बघतात समोरून घेतलेली फिल्म. घोडा सरळ आला की तिरका, ते तिथंच कळतं. आणि त्या फिल्ममध्ये आधी एकच गोष्ट बघतात, चाबूक कुठल्या हातात होता.

घोडा चाबकापासून लांब पळतो. बाहेरच्या हातातला चाबूक बाहेरच्या कुशीवर बसला की तो रेलकडे सरकणार. दमलेला असला तर आणखी झुकणार. मग जॉकीचं काम काय? मारणं थांबवायचं, बाहेरचा लगाम ओढायचा, घोडा सरळ करायचा. एवढं करूनही धक्का लागला तर तो अपघात म्हणून सुटतो. घोडा सरकतोय आणि हा मारतोच आहे, तर निष्काळजीपणा. "घोडा गेला" हे उत्तर तर फार वाईट. म्हणजे घोडा गेला आणि तू वर नुसता बसला होतास!

आता तुमचा नंबराचा मुद्दा. घोड्याचा निकाल वेगळा आणि जॉकीचा वेगळा. बहुतेक देशांत पहिल्यांदा हे बघतात, की धक्का लागला नसता तर मागचा घोडा पुढं गेला असता का? गेला नसता असं वाटलं तर नंबर तसाच ठेवतात आणि जॉकीला वेगळी शिक्षा देतात. अमेरिकेची रीत निराळी. २०१९ च्या केंटकी डर्बीत मॅक्सिमम सिक्युरिटी पहिला आला आणि दुसऱ्यांना अडवलं म्हणून त्याला सतराव्या नंबरावर टाकलं. पासष्टला एक भावाचा कंट्री हाऊस विजेता ठरला. आणि जॉकी लुईस साएझला वर पंधरा दिवसांची बंदी. म्हणजे नंबरही गेला आणि दिवसही गेले. तुमच्या पोरासाठी हीच रीत पाहिजे होती का?

एक सांगून थांबतो. रेलकडेच्या पोराला एका बाजूला रेल, दुसऱ्या बाजूला अर्ध्या टनाचं जनावर, आणि साठच्या स्पीडला जागा अचानक संपते. असा एक पडलेला पोरगा मी उचलायला धावलोय. त्याच्या बुटात पाय उलटा फिरलेला होता. तोही कुणाचा तरी भाचाच.

कोर्टातली ताई

सईसकाकांचं घोड्याबद्दलचं मान्य, पण दोन मुद्दे तसेच राहिले.

पहिला, बंदी कधीपासून लागू होते. क्रिस्टोफ सुमियॉन हा युरोपातला बडा जॉकी. ३० सप्टेंबर २०२२ ला फ्रान्समध्ये सँ-क्लूच्या रेसमध्ये त्यानं शेजारच्या रॉसा रायनला कोपर मारून घोड्यावरून पाडलं. निष्काळजीपणा नव्हे, कोपर! शिक्षा साठ दिवसांची झाली, पण ती १४ ऑक्टोबरपासून. त्यामुळे दोनच दिवसांनी आर्क द त्रिओम्फ ही वर्षातली सर्वांत मोठी रेस तो आरामात खेळला आणि व्हादेनी ह्या घोड्यावर दुसरा आला. नियमानं सगळं बरोबरच होतं. मामा, तुमच्या पोराची बंदी दुसऱ्या दिवशीच सुरू झाली की मध्ये मुदत होती, ते आधी विचारा. मुदत नियमात असेल तर ती त्यालाही मिळायला हवी.

दुसरा, भुर्दंड एकट्या जॉकीनंच का भरायचा. ह्याच सुमियॉनला २०११ मध्ये इंग्लंडच्या चॅम्पियन स्टेक्समध्ये शेवटच्या फर्लांगात चाबकाचा एक फटका जास्त मारला म्हणून पाच दिवस बंदी आणि जवळपास पन्नास हजार पौंडांचा फटका बसला होता. जॉकी लोकांनी इतकी ओरड केली की काही दिवसांतच तो नियम बदलावा लागला. आता २०२३ पासून तिथं सपाट (बिनअडथळ्याच्या) रेसमध्ये सहा फटक्यांची मर्यादा आहे, आणि चार किंवा जास्त फटके वर गेले तर घोडाच बाद. म्हणजे मालक आणि ट्रेनरच्या खिशालाही झळ लागते. मला तरी हे पटतं. "हाण" म्हणणारा मोकळा आणि हाणणारा आत, हे आम्ही कोर्टात रोज बघतो.

आणि चौकशीत आपली भाषा बोलणारं कुणी सोबत असू द्या म्हणून पोरानं लेखी मागावं. तोंडी कुणी ऐकत नाही.

सांगोल्याचा गाडीवान

आमच्या बैलगाडा शर्यतीला डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली ती चाबूक-काठी बंद ह्या अटीवरच. नुसत्या आरोळीवर बैल पळवायचा. मग चाबकाच्या हाताची भानगडच नाही. ;)

तसं बघितलं तर खरी रेस बाजीराव विहिरीच्या रिंगणात. माऊलींच्या अश्वावर जॉकीच नसतो. इन्क्वायरी कुणाची करणार? लोक टापेखालची माती कपाळाला लावतात आणि घरी जातात.

लूमवाला मामा

सगळ्यांचे आभार. ताई, विचारलं. मध्ये मुदत होती, सहा दिवसांची, ती त्याला मिळाली होती. अपीलची तारीख मात्र गेली. अनामत भरायला पैसे नव्हते म्हणून आम्हाला कळवलंच नाही त्यानं. हा राग आता माझा त्याच्यावर.

सईसकाका, पोरगा परवा रात्रीच्या गाडीनं घरी आला. मागावर माझ्याशेजारी बसला होता. खडखडाटात मी मोठ्यानं विचारलं, चाबूक कुठल्या हातात होता रे? गप्पच बसला. मी लूम बंद केला. मग म्हणाला, "बाहेरच्या." घोडा आत सरकतोय ते त्याला कळलं होतं म्हणे. "मग थांबला का नाहीस?" तर म्हणतो, "मामा, शेवटच्या शंभर मीटरला अ‍ॅप्रेंटिसनं चाबूक खाली घेतला आणि घोडा अर्ध्या मानेनं हरला, तर मुद्दाम हरवला म्हणतील. ते आठ दिवसांवर भागत नाही. आणि ट्रेनर परत घोडा देतो होय?"

ह्यावर मला काही सुचलं नाही, लूम परत चालू केला. चूक त्याची होती हे मान्य. पण तो जे बोलला ते कुठल्या फिल्ममध्ये दिसत असेल असं मला वाटत नाही.

एकच विचारायचंय काका. ती समोरची फिल्म त्याला परत बघायला मिळेल का? मलाही बघायचीय.

निवृत्त सईस (जुळे सोलापूर)

आमच्या वेळी मागितली की दाखवायचे. बंदी संपायच्या आधी त्यानं स्वतः जाऊन मागावी, आणि चाबूक हातात बदलायची प्रॅक्टिस आत्तापासून धरावी. घरात घोडा नसला तरी चालतं, गादीच्या लोडावर बसून रोज दोनशे वेळा, ह्या हातातून त्या हातात, न बघता. मामानं क्लबात फोन करायचा नाही.