तो चेंडू दोरीला टांगलाय!
वर कोणीतरी म्हटलंय की ओल्ड जज या जुन्या अमेरिकन बेसबॉल कार्डांवर (खेळाडूंचे फोटो असलेली छोटी कार्डं) दिसणारा हवेतला चेंडू म्हणजे खेळाडूच्या चपळाईचं प्रतीक. असेलही, पण जरा झूम करून बघा, बऱ्याच कार्डांवर चेंडूच्या वर बारीक दोरी दिसते! १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुडविन ही तंबाखू कंपनी ही कार्डं आपल्या ओल्ड जज सिगारेटच्या पाकिटात घालायची, फोटो स्टुडिओतले, मागे रंगवलेला पडदा, चेंडू वरून टांगलेला आणि खेळाडू हात वर करून गप उभा, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्याला स्टुडिओच्या उजेडात उडता चेंडू धरणं कुठलं जमायला. एकेकाचा चेहरा तर असा की लग्नाच्या ग्रूप फोटोत जबरदस्तीने उभं केलंय. मला चपळाईपेक्षा तो निमूटपणाच जास्त बोलका वाटतो बुवा, आणि स्टुडिओच्या फरशीवर आडवे पडून बेस (धाव काढताना गाठायचा टप्पा) गाठणारे बघितलेत का?