अरब पोरं आणि कोरियाचं वेड: डोळ्यांनी पाहिलेले अनुभव लिहा

मिरजमसाला: काल शारजात वाणसामान घेताना पुढे दोन इमिराती शाळकरी पोरी. हातात हलाल शिक्क्याची कोरियन नूडल्स आणि एकमेकींशी चक्क कोरियनमध्ये खुसूखुसू! मागे आई वैतागलेली. तिला कळू नये म्हणूनच चाललं असणार. मला एकदम जानेवारी २०१८ आठवला. सासूबाईंना दुबईचं कारंजं दाखवायला नेलं, तर मुंगी शिरायला जागा नाही. 'एक्सो' या कोरियन पोरांच्या बँडच्या 'पॉवर' गाण्यावर पाणी नाचणार होतं, कोरियन गाण्याची तिथली ती पहिलीच वेळ, आणि ती मुलं स्वतः आलेली. अबायातल्या मुली सगळ्या ओळी पाठ म्हणत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे का गं?" मला तर वाटतं हे नातं दूतावासांपेक्षा या पोरींनीच जास्त जोडलंय. आखातात, कैरोत, सोलला कुठेही असाल तर लिहा. दोन ओळीही चालतील.

रात्रपाळी: रियाध, ११ ऑक्टोबर २०१९, किंग फहद स्टेडियम. आमच्या वॉर्डातल्या सौदी सिस्टरने बीटीएस या कोरियन बँडच्या कार्यक्रमासाठी कधीपासून ड्युटी बदलून ठेवलेली. बायकांना स्टेडियमात बसून फुटबॉल बघायला मिळालं तेच मुळी २०१८ मध्ये, आणि ही आईला घेऊन गेली! दुसऱ्या दिवशी घसा बसलेला, पेशंटशी खुणांनी बोलत होती. बाकी नंतर, कुकर लावलाय.

मालवणीमेवा: आईला घेऊन गेली?? आमची लेक मला क्लासच्या दारापर्यंत येऊ देत नाही. हाहा

निवृत्तनाना: सौदीतलं जुबैल, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तेव्हा कोरियन म्हणजे हेल्मेटवाले कामगार. बंदराचं काम ह्युंदाईने १९७६ मध्ये घेतलेलं. पहाटे रांगेने निघायचे, रात्री दिव्यांखाली काम. मेस वेगळी, वस्ती वेगळी. स्थानिक पोरांना त्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. आता माझ्या जुन्या सौदी साहेबांची नात सोलला शिकायला जायचं म्हणून हटून बसलीय. साहेब फोनवर मला विचारतात, माणसं कशी आहेत? काय सांगणार, आमचा संबंध सिमेंटपुरता!

कोकणएक्सप्रेस: नाना, कुठल्या साइटवर होतात? माझे आजोबा पण जुबैललाच, चिपळूणचे. सुतारकाम.

निवृत्तनाना: चिपळूणचे बरेच होते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सोलचीथंडी: मी उलट बाजू सांगते. इथे सोलमध्ये इतेवॉन भागातली मशीद १९७६ पासून आहे, सौदीच्या मदतीने उभी राहिलेली. पण कोरियन पोरांना अरबी भेटायची ती कॉलेज प्रवेशाच्या 'सुनुंग' परीक्षेत! दुसरी परकीय भाषा म्हणून झुंडीने अरबी घ्यायची, कारण कुणालाच येत नाही. थोडं घोकलं की इतरांच्या तुलनेत श्रेणी वर. २०२२ च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेपासून श्रेणी ठरावीक गुणांवर मिळायला लागली आणि मजा संपली. आमच्या लॅबमधला एक असाच अरबी 'शिकलेला', येतं फक्त शुक्रान, म्हणजे आभार. उलट इजिप्तची सहकारीण त्याचे कोरियन ईमेल सुधारून देते. कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठाची पदवीधर ना, तिथे २००५ पासून कोरियन विभाग आहे. आणि २०२४ मध्ये दुबई चॉकलेटसाठी इथे ज्या रांगा लागल्या, बापरे.

फोडणी: त्यात शेवया असतात ना?

सोलचीथंडी: कताइफ. पिस्त्यासोबत.

तिरकाकोन: सगळं गोडगोड नको. रियाधला गेले म्हणून बीटीएसवर चाहत्यांमधूनच टीका झाली होती. आणि २०१८ मध्ये कोरियाच्या जेजू बेटावर पाचशेच्या आसपास येमेनी आसरा मागायला आले, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सात लाखांवर सह्या पडल्या. गाणी पाठ करणाऱ्या या मुलींना सोलला कुणी भाड्याने घर देईल का?

सोलचीथंडी: खरंय. सहकारिणीला हिजाबमुळे दोन-तीन ठिकाणी नकार आला. शेवटी वर्गातली कोरियन मैत्रीण मालकिणीशी तासभर वाद घालून आली तेव्हा खोली मिळाली. आता मालकीणच रमजानमध्ये खजूर मागते.

रात्रपाळी: आले परत. सिस्टरच्या आईचं राहिलंच! त्या आता लेकीच्या वरताण, घरी कोरियन मालिका सुरू असली की फोन उचलत नाहीत.

मालवणीमेवा: अबुधाबीचं कोरियन सांस्कृतिक केंद्र २०१६ मध्ये उघडलं ना, तिथे भाषेचे वर्ग आपल्याला चालतात का? लेकीला घालायचंय.

मिरजमसाला: चालतात गं. शेजारणीची जाते. नावनोंदणीवर डोळा ठेव, जागा पटकन भरतात.

फोडणी: पुण्यात कताइफ कुठे मिळेल? कॅम्पात?