जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यायचंय, बाप कुठला बघू?

उचगावचा_भावा: कागलजवळ एकजण घरगुती ब्रीडिंग करतोय, तीन नर हायत. शेरू गेटवरच अंगावर येतो पण मालक 'बस' म्हटला की गप, राजा सगळ्यांच्या मांडीवर, आन् बंड्या कोपऱ्यातनं नुसता बघतोय, वास घेऊन खात्री झाल्याशिवाय जवळ येत नाही. आत्ता पिल्लं शेरूची आणि बंड्याची हायत. घरात लहान पोरगी आहे, कुणाचं घेऊ?

रंकाळा_कट्टा: आधी आई बघ की भावा, पिल्लं तिच्याजवळच वाढत्यात, ती दचकी असली की तीबी तशीच होत्यात. शेरू अंगावर येतोय म्हणजे लय डेरिंगबाज असं नाही, भीतीनंपण येतात. कान मागं आन् शेपूट पायात असली तर नाद सोड.

मेंढरंवाला: मला बंड्या पटला. आमची धनगरी कुत्री राखणीची, लांडगा आला की आडवी होणार. ह्यांचं काम वेगळं, जर्मनीत दिवसभर शेताच्या कडेनं फेऱ्या मारायची, मेंढरं पिकात शिरू नयेत म्हणून. 1899 पासनं ही जात बांधली ती असल्याच कुत्र्यांतनं. त्यामुळं पोरं पळाली की गोल फिरून अडवणार, टाचंला तोंड लावणार. पिल्लू असतानाच ते मोडायचं.

श्वानप्रेमी_शाहूपुरी: स्वभावाचं ठीक, पण आईबापाच्या खुब्याचा एक्सरे मागितलास का? ह्या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा प्रॉब्लेम लय.

उचगावचा_भावा: एक्सरे म्हटल्यावर गडी विषयच बदलाय लागलाय 😅